दफनाच्या वेळी ‘देवाची योजना होती’ म्हणणं थांबवा

शरणपूर रोडवाला
आमच्या चर्चच्या मंडळीतली एक तरुण बाई कॅन्सरने गेली. मागे दोन लेकरं. कबरीशी पाळकसाहेब म्हणाले, “प्रभूची योजना होती.” मोठी मुलगी माती टाकायची थांबली आणि मूठ तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

हे बोलणं मला पटत नाही, आणि बायबलला तरी कुठे धरून आहे? शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती एवढंच प्रभू येशूने सांगितलं. का मेली ते सांगितलं नाही. मेलेल्या लाजराला उठवायचं ठरलेलं असूनही प्रभू रडला. आणि ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ अशी प्रार्थना त्यानेच शिकवली. जे घडतं ते सगळं आधीच त्याच्या इच्छेने असेल, तर आपण रोज मागतो काय? देव सार्वभौम आहेच. पण प्रत्येक गाठ त्यानेच शरीरात ठेवली, असं त्याचा अर्थ लावू नका.

बागाईतदार, दिंडोरी
दादा, मग देव नुसता बघ्या का? धर्मसुधारक कॅल्व्हिन म्हणायचा, पावसाचा थेंबही देवाच्या हुकुमाशिवाय पडत नाही. आमच्याकडे फेब्रुवारीत गारपीट झाली. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलेलं, एक्स्पोर्टचा माल, व्यापाऱ्याशी बोलणी झालेली. सकाळी बागेत गेलो तर घडाघडात मणी चिरलेले, दोन दिवसांत आंबूस वास सुटला. वर सोसायटीचं कर्ज. त्या रात्री ‘ही गार देवाच्या हाताबाहेरची होती’ असं कोणी मला सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. भावांनी खड्ड्यात टाकून विकलेला योसेफ शेवटी त्यांना काय म्हणाला? तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं. उत्पत्ती 50. तुमचा देव फार सज्जन आहे हो, पण अडचणीला कामाचा नाही.

नास्तिक नाशिककर
बाहेरचा आहे, तरी बोलतो. 21 एप्रिल 2021, आपल्याच शहरात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि व्हेंटिलेटरवरचे 22 रुग्ण गेले. त्यांचे नातेवाईकही प्रार्थनाच करत होते. योजना म्हणा नाहीतर परवानगी म्हणा, थांबवू शकणाऱ्याने थांबवलं नाही. माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, म्हणून दुःख आलं, हे उत्तर युद्धाला चालेल, गारपिटीला आणि कॅन्सरला कसं चालेल? नास्तिक तत्त्वज्ञ मॅकीने 1955 मध्ये हेच मांडलं: देव सर्वशक्तिमान, देव पूर्ण चांगला, आणि तरीही जगात वाईट आहे, तिन्ही एकदम धरता येत नाहीत. आणि रामकुंडावर दशक्रियेला ‘नशिबात होतं’ म्हणतात, तुम्ही ‘योजना’ म्हणता. फरक काय?

शरणपूर रोडवाला
नास्तिकभाऊ, मॅकीला ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लँटिंगाने 1974 मध्ये उत्तर दिलंय. या तिन्हीत तार्किक विसंगती सिद्ध होत नाही, हे आता बरेच नास्तिक तत्त्वज्ञही मानतात. पण ते घेऊन मी त्या मुलीसमोर उभा राहणार नाही. गारपिटीचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं ओरडणारा देव आहे, तेवढंच.

बागाईतदार, योसेफाचं वाक्य योसेफानेच म्हटलं ना, तेही कित्येक वर्षांनी? तो खड्ड्यात असताना भावांनी काठावरून ‘देवाची योजना आहे बरं का’ असं म्हटलं असतं, तर कसं वाटलं असतं? तुमच्या बागेबद्दल तुम्ही म्हणा, ऐकून घेईन. दुसऱ्याच्या कबरीवर नाही.

बागाईतदार, दिंडोरी
हे मान्य. पण ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे ईयोबाने पोरं गेली त्याच दिवशी म्हटलं, वर्षांनी नाही. संकट सैतानाने आणलेलं, तरी त्याचं नावही घेतलं नाही.

आत्या
पुढची पानं वाचा की. तोच ईयोब नंतर देवाला कोर्टात खेचायला निघाला. त्याचे तीन मित्र सात दिवस नुसते बसून राहिले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो देवाचीच बाजू मांडणाऱ्या मित्रांवर, भांडणाऱ्यावर नाही. (नास्तिकभाऊ, नशिबाशी असं भांडून दाखवा!) दफनाला स्तोत्र 88 का वाचत नाहीत आपले लोक? अख्ख्या स्तोत्रात तक्रार, शेवटही अंधारातच. धीर देणारं स्तोत्र 23 पाठ झालंय सगळ्यांना.

शरणपूर रोडवाला
पाळकसाहेबांना विचारतो. हो म्हणतील असं वाटत नाही.