मुलाच्या बोटावरच्या चामखिळीला रुईचा चीक लावावा का?

कृष्णाकाठ: मुलगा ८ वर्षांचा आहे. उजव्या तर्जनीला, नखाच्या अगदी कडेला चामखीळ आली आहे. मुगाएवढी, खरखरीत, आत बारीक काळे ठिपके. आता शेजारच्या बोटावरही एक उठतेय. सासूबाई म्हणतात, रुईचा चीक सुईच्या टोकाने लाव, गळून पडेल. शेजारच्या काकूंचा भर बिब्ब्यावर. मुलगा नखं खातो, म्हणून धीर होत नाही. कुणी लहान मुलाला लावलंय का?

रानवाट: लहानपणी माझ्या घोट्यावरची रुईच्या चिकाने गेली होती. आमच्या गावात सगळेच लावायचे. फक्त डोळ्याला हात लागू द्यायचा नाही.

ड्रेसिंगरूम: ताई, मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे. चीक लावू नका, आणि बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, मोठे फोड येतात, काहींना अंगभर पुरळ उठतं. फोड बरे झाले तरी काळा डाग मागे राहतो. ड्रेसिंग करताना अशी पोरं कशी कळवळतात, ते मी पाहते.

रुईच्या चिकाचं वेगळंच. डोळ्यात गेला तर बऱ्याचदा फारसं दुखत नाही, म्हणून लोक गाफील राहतात आणि मग धूसर दिसायला लागतं. बुबुळाला सूज आलेली असते. तुमचा मुलगा तर बोट तोंडात घालतो.

रानवाट, तुमची गेली हे खरं मानते. पण चामखीळ विषाणूची असते, आणि मुलांमधल्या बऱ्याचशा दोनेक वर्षांत काही न करताही जातात. मग श्रेय शेवटी लावलेल्या औषधाला मिळतं.

वनस्पतींना मी नावं ठेवत नाही. हिमालयातल्या वनककडीपासून काढलेलं पोडोफायलोटॉक्सिन डॉक्टर गुप्तांगावरच्या चामखिळींना देतात, गरोदरपणात मात्र ते चालत नाही. सॅलिसिलिक ॲसिडचं नावही विलोवरून आलंय, म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळावरून. फरक इतकाच की बाटलीवर टक्का लिहिलेला असतो. चिकात किती काय आहे, ते झाडालाच ठाऊक.

एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. त्यांनी सॅलिसिलिक ॲसिड दिलं, साधारण १७ टक्क्यांचं असतं, तर रात्री बोट पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा. वरची पांढरी मेलेली कातडी कानशीने हलकेच घासा. ती कानस दुसऱ्या कुणी वापरायची नाही. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावा, मग औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर. सुकलं की चिकटपट्टी. ८ ते १२ आठवडे लागतात. लाल होऊन दुखलं तर थांबायचं. चेहऱ्यावर हे लावू नका, आणि मधुमेह असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

कृष्णाकाठ: ताई, खूप आधार वाटला. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत, दोरा बांधला किंवा ब्लेडने कापली तर?

ड्रेसिंगरूम: दोन्ही नको. रक्त येतं, जखम चिघळते, आणि ओरखड्याच्या रेषेत नव्या चामखिळी उठतात. नखं खायची सवय मोडली नाही तर तोंडाभोवतीही येऊ शकतात, म्हणून दिवसाही चिकटपट्टी राहू दे. आजींनाच ते काम द्या, त्यांचं तो ऐकेल.