डॉप्लरमध्ये ७० टक्क्यांहून अधिक, सीटी अँजिओत ५५ : कोणता आकडा धरावा?

प्रश्न :
माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना मधुमेह आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा उजवा हात काही मिनिटे लुळा पडला, बोलणेही अडखळले आणि मग सारे पूर्ववत झाले. मानेच्या डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत) डावी इंटर्नल कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी, ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असल्याचे आले. पीएसव्ही (रक्ताचा कमाल वेग) सेकंदाला २६० सेंटिमीटर आहे. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) तीच धमनी ५५ टक्के अरुंद दिसली. मांडीतून नळी घालून करायची अँजिओग्राफी करून घ्यावी काय?

उत्तर १ (रेडिओलॉजी) :
डॉप्लरमधली टक्केवारी मुख्यतः रक्ताच्या वेगावरून काढलेला अंदाज असते. २३० च्या पुढे वेग गेला की सर्वसाधारणपणे ‘७० टक्के किंवा अधिक’ असे लिहिले जाते. परंतु दुसऱ्या बाजूची कॅरोटिड बंद असेल, तर या बाजूने जास्त रक्त वाहते आणि अरुंदपणा बेताचा असूनही वेग वाढतो. म्हणून उजव्या बाजूविषयी काय लिहिले आहे आणि इंटर्नल व कॉमन (ती जिच्यातून फुटते त्या मूळ) कॅरोटिडमधील वेगांचे गुणोत्तर, ७० टक्के अरुंदपणात असते तसे, ४ च्या वर आहे का, हे आधी पाहावे.

सीटीत प्रत्यक्ष मार्ग मोजता येतो, पण कशाच्या तुलनेत मोजला हे महत्त्वाचे असते. समजा, उरलेला मार्ग २.२ मिलिमीटर आहे. वरच्या निरोगी भागाच्या ५ मिलिमीटरशी तुलना केली, तर अरुंदपणा ५६ टक्के येतो, आणि त्याच जागेच्या मूळ ८ मिलिमीटर रुंदीशी केली, तर सुमारे ७२. पहिली नॅसेट पद्धत, दुसरी जुनी युरोपीय. धमनी एकच असताना आकडे असे दोन येतात, आणि अहवालात पद्धतीचे नाव लिहिण्याचा कंटाळा आमच्यातले पुष्कळ जण करतात! नवीन तपासणीच्या आधी त्याच सीडीवरून पुन्हा मोजून घ्यावे. डावी धमनी अरुंद जागेच्या पुढे उजवीपेक्षा बारीक पडलेली दिसली, तर मात्र ५५ हा आकडा फसवा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी, असू शकतो.

उत्तर २ (न्यूरॉलॉजी) :
नळीच्या अँजिओग्राफीची घाई नको. १९९५ च्या एकॅस या कॅरोटिड शस्त्रक्रियेवरील अमेरिकन अभ्यासात तिच्यामुळे १.२ टक्के रुग्णांना पक्षाघातासारखी गुंतागुंत झाली होती. तिसरे मत हवेच असेल, तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे औषध) देऊन एमआर अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय, करता येते, मात्र आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. कॉन्ट्रास्टशिवायची एमआर अरुंदपणा बऱ्याचदा वाढवून दाखवते.

प्रश्नकर्ती :
अहवालाच्या दुसऱ्या पानावर उजवी कॅरोटिड पूर्ण बंद असल्याचे लिहिले आहे. गुणोत्तर ३.१ आहे. सीटीची मोजणी नॅसेटप्रमाणे केल्याचे त्या केंद्राने फोनवर सांगितले.

उत्तर १ :
तर डॉप्लरमधील वेग उजव्या बाजूमुळे वाढलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि सीटीचा आकडा अधिक जवळचा वाटतो.

उत्तर २ :
तरीही थांबू नये. लक्षणे दिसलेली असताना ५० ते ६९ टक्क्यांतही धमनी मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा काही लाभ असतो, ७० च्या वर तो खूप मोठा असतो आणि तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो. दोन्ही अहवाल व सीडी घेऊन याच आठवड्यात व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना भेटा. तोपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या रक्त पातळ करण्याच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चुकवू नका, आणि पुन्हा हात लुळा पडला, तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.