१९९६ च्या अमेरिकन सोप मासिकाचं मुखपृष्ठ: माझं कुठे चुकतंय?

चिकटपट्टी

आमच्या मंडळाची एकांकिका आहे. काळ १९९६, जागा ओहायोतल्या एका मराठी घराचं स्वयंपाकघर. टेबलावर सोप ऑपेराचं, म्हणजे रोज दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या मालिकांचं, एक मासिक पडलेलं असतं. आजी ते दोनदा उचलते आणि शेवटी रागाने आपटते. खरा अंक वापरायचा नाही असं ठरलंय, त्यामुळे मालिका, पात्रं, मासिकाचं नाव सगळं खोटं. मुखपृष्ठ करायचं काम माझ्या गळ्यात.

मी केलं. एकच चेहरा, बाजूने येणारा मऊ उजेड, मागे करडा पडदा, वर बारीक अक्षरांत मासिकाचं नाव, खाली नटीचं नाव आणि एक हळवी ओळ. दिग्दर्शकाने पाहिलं आणि म्हणाला, "हा दिवाळी अंक झालाय. आत कविता आहेत का?"

राग आला, पण त्याचं बरोबर आहे. मी या देशात आले २०१४ ला, ही मासिकं कधी हातात घेतली नाहीत. नेटवर जुनी मुखपृष्ठं बघितली तर मला सगळीच गचाळ वाटतात. आणि गचाळपणाची नक्कल करायला गेलं की नुसता गचाळपणाच हाती लागतो. या सगळ्यामागे काहीतरी रीत असणारच. कुणाला माहीत आहे का?

मिनीमावशी

अगं, तू चित्र काढलंस. ती मंडळी बातमी लावायची.

मी १९९३ पासून सहा वर्षं एका सुपरमार्केटात कॅशियर होते. नाव कशाला, तिथल्या मॅनेजरने माझे ओव्हरटाइमचे पैसे अजून दिलेले नाहीत. नवे अंक आले की गठ्ठा फोडून चेकआउटच्या तारेच्या कप्प्यांत लावायचे आणि उरलेले जुने मोजून परत बांधायचे, हे माझं काम. त्यामुळे मी ही मुखपृष्ठं एकेका आठवड्यात शंभरदा पाहिलीत.

पहिली गोष्ट आकार. 'सोप ऑपेरा डायजेस्ट' छोटं असायचं, साधारण साडेपाच बाय साडेसात इंच. पर्समध्ये मावेल एवढं. तू मोठ्या आकारात केलं असशील तर आधी ते लहान कर. आणि कप्प्याच्या पुढच्या पट्टीमागे अंकाचा खालचा भाग झाकला जायचा. म्हणून चेहरे आणि सगळ्यात मोठी ओळ वरच्या अर्ध्यात. तुझी हळवी ओळ तळाला आहे ना? ती कुणाला दिसलीच नसती. बाई पट्ट्यावर दूध, अंडी, पाव ठेवते, मी स्कॅन करते, तेवढ्यात तिची मान वळते. तेवढाच वेळ असतो.

दुसरी गोष्ट नावं. नटीचं नाव कशाला घातलंस? मुखपृष्ठावर पात्राचं नाव, तेही नुसतं पहिलं. ब्रेंडा. सॉनी. मार्लीना. आडनाव नाही, ही कोण ते सांगणं नाही. नटी कोण हे गिऱ्हाइकाला पाठ असायचं, पण रोज दुपारी तिच्या घरी यायची ती ब्रेंडा. माझ्याशी बोलायच्या त्याही तशाच. "सॉनीने काल काय केलं बघितलंस ना?" नवीन होते तेव्हा एकीला मी विचारलं होतं, "कितवीत आहे तो?"

आता खरी गंमत. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. दुपारी तीनला 'जनरल हॉस्पिटल' ही मालिका लावून बसायच्या, आणि मी अंक आणला की आतलं काही नाही, फक्त मुखपृष्ठ वाचायच्या. वाचायच्या म्हणजे खरंच वाचायच्या. दोन चेहरे एकाच फोटोत, गालाला गाल: जमलं. दोन चेहरे आणि मधून फाटलेल्या कागदासारखी पांढरी दातेरी रेघ: मोडलं. जोडपं मोठं आणि कोपऱ्यात गोलात तिसरीचं डोकं, नजर बरोबर जोडप्याकडे वळवलेली: "आली सटवी." एकदा अंक नाकाजवळ धरून म्हणाल्या, "ही रेघ खालपर्यंत गेलेलीच नाही. हात अजून जोडलेले आहेत. हे परत येतील." महिन्याभरात आले की परत!

तेव्हा तुझ्या नाटकातली आजी ते मासिक दोनदा का उचलते, याचं उत्तर मुखपृष्ठावर असायला हवं.

जुनाखिळा

मिनीमावशींनी मुद्द्याचं सांगितलं. मी छपाईतला माणूस (सोप मासिकं छापली नाहीत, पण त्याच जातीची बरीच छापली), म्हणून गचाळपणाबद्दल थोडं.

तुम्हाला ते गचाळ वाटतं कारण त्यातले तीन चेहरे तीन ठिकाणांहून आलेले असतात. एक मासिकाने स्टुडिओत काढलेला, सरळ कॅमेऱ्यात बघणारा. एक वाहिनीच्या प्रसिद्धी खात्याकडून आलेला, सेटवरचा, पिवळ्या उजेडातला. तिसरा दोन वर्षं जुना, केस वेगळे. ही माणसं एका फ्रेममध्ये कधी उभीच राहिलेली नसतात. म्हणून प्रत्येकाचं कटआउट करून भोवती पांढरी कड. ती कड शोभेसाठी नाही. एकीचे केस दुसऱ्याच्या खांद्यात मिसळू नयेत आणि कापणाऱ्याचा हात हलला असेल तर ते झाकलं जावं, एवढंच तिचं काम. तुम्ही एकाच फोटोसेशनमधले तीन फोटो वापरून कड द्याल तर ते खोटं दिसेल. मुद्दाम वेगवेगळ्या उजेडात काढा.

रंग फार नकोत. लाल (शंभर टक्के मजेंटा आणि शंभर टक्के पिवळा), निव्वळ पिवळा, पांढरा, काळा. पिवळं अक्षर, काळी सावली. फाँट जाड आणि अरुंद, फ्रँकलिन गॉथिक कंडेन्स्डच्या घराण्यातला. अरुंद एवढ्यासाठी की इंचभर जागेत 'एक्सक्लुझिव्ह' बसवायचं असतं. एक ओळ जरा तिरकी टाका, एकच.

बारकोड विसरू नका. अमेरिकन मासिकांवर मुख्य बारकोडाच्या उजवीकडे दोन अंकी छोटा बारकोड वेगळा असतो, अंकाचा क्रमांक सांगणारा. प्रेक्षकांना दिसणार नाही, पण मला दिसेल.

अजय_डेटन

मावशी, एक दुरुस्ती करू का? नटाचं नावही यायचं, पण बातमी नटाची असेल तेव्हा. कुणी मालिका सोडतंय, कुणी परत येतंय, पगारावरून भांडण झालंय. तेव्हा नटाचं नाव, आणि कंसात पात्र आणि मालिकेची आद्याक्षरं. जीएच ('जनरल हॉस्पिटल'), वाय अँड आर ('द यंग अँड द रेस्टलेस'), एएमसी ('ऑल माय चिल्ड्रन'). पूर्ण नाव लिहायची गरजच नसायची. थोडक्यात, पडद्यावरचं भांडण असेल तर ब्रेंडा, पगाराचं असेल तर नटी.

आणि हे सगळं वाचकाला माहीत आहे असं धरून चालणं, तीच मुख्य खूण. 'टाइम'ने जानेवारी १९७६ मध्ये 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मधलं जोडपं मुखपृष्ठावर घेतलं होतं. तिथे दुपारच्या मालिका हा काय प्रकार आहे ते बाहेरच्या वाचकाला समजावायचं होतं. डायजेस्ट त्याच्या आदल्याच वर्षी निघालेलं, तेही घरी व्हीसीआर नसताना बुडलेल्या भागाची कथा सांगायला. म्हणजे त्याचा वाचक पहिल्या दिवसापासून आतलाच. 'जनरल हॉस्पिटल'मधल्या ल्यूक आणि लॉराचं लग्न नोव्हेंबर १९८१ मध्ये झालं, तीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिलं. आता अशा वाचकाला लॉरा कोण ते काय सांगायचं?

नोव्हेंबर उगाच नव्हता. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै हे रेटिंग मोजायचे महिने. लग्नं, अपहरणं, मेलेली माणसं जिवंत होणं, सगळं त्यांत कोंबलेलं. तुमच्या अंकावर जूनची तारीख असेल तर तिथे लग्न नको, किरकोळ संशय ठेवा. शिवाय छापील तारीख विक्रीच्या दिवसाच्या पुढची असायची, तेव्हा नाटकातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी ती जुळवत बसू नका.

चिकटपट्टी

बाप रे. सगळं पुसून परत केलं.

आता: क्लेअर आणि डेरेक (आमची खोटी पात्रं), मध्ये फाटलेली रेघ. गोलात नर्स मोनिक, बायकोच्या वहिनीचा फोटो, ट्यूबलाइटखाली काढलाय, जुनाखिळा काका खूश होतील. नोव्हेंबरचा अंक. वर लाल पट्टी, पिवळी अक्षरं. ओळ इंग्रजीतच असेल, पण अर्थ असा: "क्लेअर डेरेकला सोडून जाते". खाली छोट्यात मालिकेची आद्याक्षरं. दोन बारकोड.

"बायकोच्या" नाही, "भावाच्या बायकोच्या वहिनीचा". घाईत टायपतेय, इथे सगळे फाटलेल्या रेघेवरून भांडतायत.

मिनीमावशी

फोटो छान जमलेत, ओळ तेवढी बदल. "सोडून जाते" असं छापलंस तर कळलं की सगळं, पैसे देऊन आत कोण बघेल? काहीतरी होतंय हे ओरडून सांगायचं आणि काय होतंय ते सांगायचं नाही. म्हणून तर तो 'शॉकर' शब्द पन्नासदा यायचा. "क्लेअरच्या हाती ते पत्र!" एवढं बास. कुठलं पत्र? बघणारीला ते चार महिन्यांपासून माहीत आहे. ते क्लेअरला सापडायची ती वाट बघतेय.

आणि फाटलेली रेघ खालपर्यंत नेलीस का?

चिकटपट्टी

हो, पार खालपर्यंत.

मिनीमावशी

मग आजी दुसऱ्यांदा उचलेल कशाला? शेवटचं बोटभर सोड.