प्रतिसाद: हिरव्या खेळपट्ट्या आणि वेगवान गोलंदाज

स्थानिक क्रिकेटमध्ये खेळपट्ट्यांवर गवत ठेवलं की वेगवान गोलंदाज आपोआप तयार होतात, हे मला अर्धंच पटतं. गवत बळी मिळवून देतं, वेग नाही.

इंग्लंडमधलं काउंटी क्रिकेट बघा. मोसम एप्रिलच्या गारठ्यात सुरू होतो, सप्टेंबरात संपतो आणि हातात ठळक शिवणीचा ड्यूक चेंडू. तिथे चाळिशी ओलांडलेला केंटचा डॅरेन स्टीव्हन्स मध्यमगतीने टप्पा धरून ढिगाने बळी घ्यायचा (बघायला मजा यायची, ते वेगळं). मग वेगवान पण धावा देणारा पोरगा कर्णधार वापरेल कशाला? फिरकीपटूला तर चेंडूच मिळत नाही. म्हणून 2016 ते 2019 दरम्यान पाहुण्या संघाला नाणेफेकीशिवाय थेट गोलंदाजी निवडायची मुभा होती, म्हणजे यजमानांनी मुद्दाम हिरवी खेळपट्टी बनवू नये; आणि 2023 पासून काही फेऱ्या कूकाबुरा चेंडूने खेळवल्या. त्याची शिवण लवकर बसते. मग उरतो वेग, उसळी आणि संयम.

रणजीत कोरड्या, खरबरीत खेळपट्टीवर एसजी चेंडू लवकर खरवडतो, त्यामुळे रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत नेहमीच्या उलट दिशेला वळवणं) शिकणं भागच पडतं. हा आपला खरा फायदा.

फिरकीचं मात्र उलटं होतं. पहिल्या दिवसापासून वळणाऱ्या आखाड्यावर चेंडूला उंची देऊन फलंदाजाला हवेत चकवायची गरजच पडत नाही. सपाट, जोरात टाकला तरी पायचीत मिळतो. असा गोलंदाज पाटा, म्हणजे गोलंदाजाला साथ न देणाऱ्या, खेळपट्टीवर गेला की त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो. रणजीतले बळी मोजताना निवड समितीने ते कुठल्या खेळपट्टीवर आणि कितव्या षटकात मिळाले तेही बघावं.