ली जे. कॉब: हॉलिवूडने वाया घालवलेला नट?

तिसरी_घंटा:
‘एक रुका हुआ फैसला’मधला पंकज कपूर अनेकांना आठवत असेल. मूळ ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये (१९५७) मुलाचा फोटो फाडून कोसळणारा तो ज्युरर म्हणजे ली जे. कॉब. माझं ठाम मत आहे की हॉलिवूडने या माणसाचं चीज केलं नाही. १० फेब्रुवारी १९४९ ला ब्रॉडवेवर आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाचा पडदा उघडला तेव्हा त्यातला म्हातारा सेल्समन विली लोमन तो होता. विली साठी ओलांडलेला, कॉब ३७ वर्षांचा. थोरला मुलगा बिफ करणारा आर्थर केनेडी त्याच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान! मिलरच्या मनातला विली अंगाने किरकोळ होता, कॉब आडदांड. मिलरने त्याच्यासाठी संवाद बदलला. आणि १९५१ मध्ये सिनेमा निघाला तेव्हा विली कोण? फ्रेडरिक मार्च. कॉबच्या वाट्याला गुंड, जज्ज आणि पोलीस.

कोपऱ्यातली_खुर्ची:
पटत नाही. ‘गोल्डन बॉय’मध्ये (१९३९) तो विल्यम होल्डनचा बाप होता, तेव्हा कॉब २७ चा आणि होल्डन २१ चा. नायकाचा चेहरा त्याच्याकडे कधीच नव्हता. म्हातारा, बाप, दांडगट मुकादम ही त्याची खरी जमीन. ‘ऑन द वॉटरफ्रंट’मधल्या (१९५४) जॉनी फ्रेंडलीसाठी ऑस्करचं नामांकन, ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’साठी (१९५८) दुसरं. मार्लन ब्रँडोसमोर उभं राहून गोदीवर त्याची दहशत वाटते, हे साधं काम आहे का? चरित्र अभिनेता होणं म्हणजे वाया जाणं, हे गृहीतकच मला मान्य नाही.

पेठकर:
तुम्ही दोघंही १९५३ टाळताय. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे कॉबने कम्युनिस्ट म्हणून २० जणांची नावं घेतली. ग्रुप थिएटर या न्यूयॉर्कच्या नाट्यसंस्थेतला त्याचा सहकारी, नट जॉन गारफिल्ड १९५१ मध्ये त्याच समितीपुढे गेला, एकही नाव दिलं नाही, काम मिळेनासं झालं आणि १९५२ मध्ये ३९ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. ‘वॉटरफ्रंट’चा दिग्दर्शक एलिया कझान आणि लेखक बड शुल्बर्ग, दोघांनीही नावं दिलेली. त्या सिनेमात साक्ष देणारा नायक, आणि कॉब त्या साक्षीत अडकणारा खलनायक! हे बाजूला ठेवून त्याच्या कारकिर्दीचा हिशेब कसा मांडायचा?

तिसरी_घंटा:
पेठकर, साक्षीचं समर्थन मी करणार नाही. पण कझान आणि कॉबला एका मापाने मोजू नका. कझान तेव्हा यशाच्या शिखरावर होता. कॉबने सुमारे दोन वर्षं साक्ष द्यायला नकार दिला. काम बंद, पैसे संपलेले, बायको आजारी. मोडलेल्या माणसावर रागावताना एवढं तरी पाहाच. आणि ‘वाया’ यावर मी कायम आहे: १९६६ च्या टीव्ही प्रयोगात, विलीच्या बायकोच्या भूमिकेतल्या मिल्ड्रेड डनॉकसोबत, त्याने पुन्हा विली केला. तो बघा, म्हणजे १९५१ मध्ये काय निसटलं ते कळेल.

पेठकर:
तो मी पाहिलाय, थोर आहे. पण ज्यांची नावं घेतली गेली त्यांच्याही घरात आजारपणं होती, भाडी थकली होती. कॉबची अडचण मोजायची तर त्यांचीही मोजा.

कोपऱ्यातली_खुर्ची:
यात पेठकरांशी सहमत. फक्त ‘वाया’ मात्र अजिबात नाही: १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्याने किंग लिअर केला, आणि १९७३ मध्ये ‘एक्झॉर्सिस्ट’मधला थकलेला, मवाळ पोलीस अधिकारीही.