मैदानाचं आरक्षण बदलण्याआधी साहेबांना कोण भेटलं, हे माहिती अधिकारात कळेल का?

मीनल_पूर्वउपनगर
नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीसमोरच्या खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलण्याची सूचना राजपत्रात आली आहे, एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७(१कक) खाली. हरकतींसाठी महिना होता. आम्ही जिने चढून सह्या गोळा केल्या, सुनावणीला मुलांनाही नेलं. नंतर लक्षात आलं की सूचनेत दिलेल्या कारणांतली दोन वाक्यं बिल्डरच्या सल्लागाराने सोसायटीत दाखवलेल्या सादरीकरणात जशीच्या तशी होती. म्हणजे आमच्या आधी कुणीतरी आत जाऊन बसलं होतं. कोण, कधी, कुणाकडे, हे कळायचा काही मार्ग आहे का?

निवृत्त_कक्षअधिकारी
मीनलताई, माझी सगळी नोकरी मंत्रालयात झाली, म्हणून नस्ती, म्हणजे सरकारी फाईल, कशी वाचायची ते सांगतो. तिला दोन बाजू असतात, टिपणी (अधिकाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय) आणि पत्रव्यवहार (बाहेरून आलेले-गेलेले कागद). टिपणी सहायकापासून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव करत वर चढते आणि लोक तेवढीच वाचतात. तुम्ही पत्रव्यवहार आधी उघडा. टपालात आलेल्या निवेदनावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असतो. लायझनिंगवाल्याने, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करून घेणाऱ्या माणसाने, दालनात हातोहात दिलेल्या निवेदनावर आधी साहेबांचा शेरा पडतो, 'तपासून तातडीने सादर करावे'. आवक क्रमांक मागाहून पडतो, कधी पडतही नाही. शेऱ्याची तारीख शिक्क्याच्या आधीची दिसली तर कागद कुठल्या दाराने आला ते समजा. असा कागद खाली आला की सहायकाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती निवेदनातच लिहिलेली असतात. तुमची दोन वाक्यं बहुधा तिथूनच उतरली.

तोंडी भेटीचा मात्र कागद राहत नाही, आणि हे मला आजही खुपतं. हरकत घेणाऱ्या प्रत्येक रहिवाशाचं नाव-पत्ता नस्तीत लागतं. दालनात चहा घेऊन गेलेल्याचं लागत नाही.

अभय_दादर
आपल्याकडे लॉबिंगचा, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्यासाठी केलेल्या भेटीगाठींचा, कायदाच नाही. २०१३ मध्ये कालिकेश सिंह देव यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. वॉलमार्ट या अमेरिकन किरकोळ विक्री कंपनीचं आठवा. २००८ पासून लॉबिंगवर अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यात भारतातल्या गुंतवणुकीचाही विषय होता, हे २०१२ मध्ये आपल्याला कळलं ते अमेरिकेच्या सेनेटकडे दिलेल्या विवरणामुळे. तो खर्च अमेरिकेतलाच, असं कंपनी म्हणाली. संसदेत गदारोळ झाला, न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. तिथे लॉबिंगची माहिती जाहीर करायला लावणारा १९९५ चा कायदा नसता तर आपल्याला पत्ताही लागला नसता.

वकील_फोर्ट
कायदा हवा, पण कसा ते बघा. ब्रिटनने २०१४ मध्ये केला, त्यात नोंदणी फक्त सल्लागार लॉबिस्टांना, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी लॉबिंग करणाऱ्यांना. माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ग्रीनसिल कंपनीसाठी मंत्र्यांना मेसेज केले. २०२१ मध्ये ही नोंदणी सांभाळणाऱ्या निबंधकांनी निर्णय दिला की कॅमेरून कंपनीचे नोकर होते, म्हणून नोंदणीची गरज नव्हती. शिवाय इथे नोंदणी आली तर मीनलताईंच्या सोसायटीलाही फॉर्म भरायला लावतील आणि मोठ्या संघटना वकील लावून सुटतील.

निवृत्त_कक्षअधिकारी
वकीलसाहेब, म्हणूनच माझं म्हणणं आहे की बंधन भेटणाऱ्यापेक्षा आधी अधिकाऱ्यावर घाला. युरोपियन कमिशनचे (युरोपीय संघाचा कारभार चालवणारी संस्था) आयुक्त आणि महासंचालक २०१४ च्या डिसेंबरपासून लॉबिस्टांच्या भेटी वेबसाइटवर टाकतात. आपल्याकडे एवढंच करा: विषय प्रलंबित असताना सचिव किंवा त्यांच्या वरचं कुणी बाहेरच्या पक्षाला भेटलं, तर त्याच दिवशी टिपणीत एक परिच्छेद. कोण, कशासाठी, काय मागितलं. मोबाइलवर आलेलं मागणंही त्यात. यात प्रामाणिक अधिकाऱ्याचाच बचाव आहे. दबाव झुगारून टिपणी लिहिणारे अधिकारी मी पाहिलेत, त्यांच्या बाजूने उभा राहील असा कागद त्यांना मिळायला हवा.

दुसरं, निवृत्तीनंतरची नोकरी. आयएएस अधिकाऱ्याला खासगी नोकरीसाठी परवानगी लागते ती फक्त पहिलं वर्षभर, पूर्वी दोन वर्षं होती. कॅनडात वरिष्ठ पदावरून उतरल्यावर पाच वर्षं लॉबिंग बंद. कालपर्यंत ज्यांच्यापुढे आपण नस्ती ठेवली, तेच पाहुणे म्हणून दालनात आले तर उपसचिव नाही कसं म्हणणार?

मीनल_पूर्वउपनगर
काका, मनापासून आभार. अर्जात नेमकं काय लिहू?

निवृत्त_कक्षअधिकारी
अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा, महाराष्ट्राच्या नियमात तसंच आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. नस्तीची टिपणी आणि पत्रव्यवहार या दोन्ही बाजूंचं माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) प्रमाणे निरीक्षण, म्हणजे कागद प्रत्यक्ष बघायला, मागा. सूचनेच्या तारखेआधी आलेली सर्व निवेदनं आणि सादरीकरणं आवक क्रमांकासह मागा. व्यक्तींची नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून अडवतील. कंपन्या आणि संस्थांची मागा. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार बाधितांना निर्णयाची कारणं देणं खात्यावर बंधनकारक आहे, ते वेगळ्या पत्राने विचारा. निरीक्षणाला दोघी जा, एकीने वाचायचं आणि दुसरीने शेऱ्याची तारीख व शिक्क्याची तारीख शेजारी शेजारी उतरवायची.