बोकडाच्या कवटीवर तेलकट डाग उमटले आहेत

प्रश्न (रंकाळा परिसर, कोल्हापूर)
वर्गात दाखवण्यासाठी खाटकाकडून बोकडाची मुंडी आणली, तासभर खळाखळा उकळून मांस काढले आणि कवटी रात्रभर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ठेवली. ती पांढरी झाली खरी. पण आता कपाळावर पिवळे तेलकट डाग उमटले असून बोट फिरवताच खडूसारखी पूड हाताला लागते. वरच्या जबड्याचे पुढचे दातही सापडत नाहीत, बहुधा मोरीत वाहून गेले असावेत. उपाय सुचवावा. राधानगरीकडच्या पाहुण्यांना रानात गव्याची कवटी मिळाली आहे, तीही याच पद्धतीने करावी का?

उत्तर १ (जीवशास्त्र शिक्षिका)
सर, मोरी उपसू नका. बोकडाला वरचे पुढचे दात मुळातच नसतात.

उकळल्यामुळे चरबी वितळून हाडात मुरते आणि पुढे डागांच्या रूपाने वर येते, तर ब्लीचिंग पावडर हाडच पोखरते. ती झीज भरून येत नाही. आता भांडी घासण्याचा द्रवसाबण घातलेल्या कोमट पाण्यात कवटी बुडवून ठेवा आणि पाणी गढूळ झाले की बदला. याला काही आठवडे लागतील. तवंग येणे थांबल्यावर कवटी सावलीत पूर्ण वाळवा आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हलका हात द्या, म्हणजे पूड धरून राहील.

पुढच्या वेळी मुंडी झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात कुजत ठेवा. पाणी बदलताना थोडे जुने राखावे, कारण मांस खाणारे जिवाणू त्यातच असतात. शिंगांची टरफले आपोआप सैल होतात, ती काढून आतला गाभा वेगळा धुवावा. सुटलेले दात वाहून जाऊ नयेत म्हणून पाणी गाळूनच ओतावे. (बादली गच्चीवर ठेवा; आमच्या घरी या वासावरून दोन दिवस अबोला होता.) पांढरेपणासाठी औषध दुकानातले तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरते, मात्र त्याने चरबी जात नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी.

उत्तर २ (निवृत्त वनकर्मचारी)
गव्याच्या कवटीला हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो आणि तो नैसर्गिकरीत्या मेला असला तरी त्याची कवटी व शिंगे ही सरकारी मालमत्ता ठरतात. पाहुण्यांनी ती घरी आणली असल्यास विलंब न लावता वनविभागाला कळवावे. मुलांना दाखवायचेच असेल तर न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वन्यप्राणी आहेत, तिथे सहल न्यावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पाहुण्यांना आत्ताच फोन केला. कवटी अजून रानातच आहे. मोरीची जाळी मात्र कालच उचकटून झाली होती.